फाटकापलीकडचा ब्लॉग

सोमवार, १९ जुलै २०१०

परवा निवडणूक जाहीर झाली. मतदान २१ ऑगस्टला. मला आनंद व्हायला हवा, कारण आमचा खेळ निवडणुकीचाच आहे आणि आता पाच आठवडे देशाला दुसरा विषय नसणार. पण आज ब्रिस्बेनच्या प्रकाशकांची मेल आली. खेळातला ब्लॉगचा भाग २३ ऑगस्टपर्यंत चालता करून दाखवा, नाहीतर तो कापून टाका. म्हणजे देशाचं मतदान शनिवारी आणि आमचा निकाल सोमवारी.

‘काठावर’ हा संगणकावरचा खेळ मी आणि डिमी तीन वर्षं करतोय. ती मेलबर्नमध्ये बसून प्रोग्रॅम लिहिते, मी आराखडा करते. एक काल्पनिक मतदारसंघ, जिथे थोड्याशा मतांनी हारजीत ठरते. खेळणाऱ्याने एका उमेदवाराचा प्रचार सांभाळायचा. सगळं नीट चालतं. चालत नाही तो फक्त ब्लॉग, जो मीच हौसेने घुसडला. गावातले लोक राजकारणावर लिहितात, खेळातले मतदार ते वाचतात आणि वाचून त्यांची मतं हलायला हवीत. ती हलत नाहीत. डिमी म्हणते, तुझे सगळे ब्लॉगवाले एकाच आवाजात बोलतात आणि तो आवाज तुझा असतो. खोटं नाही.

फेब्रुवारीपासून मी इथे गावी, मेरिनूकला, बाबाकडे आहे. घशाचा कर्करोग होता, स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. दुधाचा टँकर चालवणारा माझा बाबा फुटबॉलच्या मैदानावर माईकशिवाय घोषणा द्यायचा. आता तो पांढऱ्या पाटीवर लिहून बोलतो. डॉक्टर म्हणतात, लोकांत जाऊ दे, नाहीतर माणूस आतल्या आत मिटेल. तो टपालपेटीपर्यंत जातो आणि कोणी दिसलं की परत फिरतो.

आज पक्षाच्या कचेरीतून फोन होता. बेचाळीस वर्षं, प्रत्येक निवडणुकीला, बाबा मतदान होतं त्या शाळेच्या फाटकाच्या डाव्या बाजूला उभा राहून कामगारांच्या पक्षाची पत्रकं वाटत आलाय. इथे मतपत्रिकेवर सगळ्याच उमेदवारांना पसंतीचे नंबर द्यावे लागतात, आणि एक नंबरवाला बाद झाला की मत दोन नंबरकडे जातं. कोणाला एक नंबर द्यायचा, कोणाला दोन, कोणाला शेवटचा, ते सगळं पत्रकावर छापलेलं असतं. मी विचारलं, या वेळी उभा राहशील ना? त्याने पाटीवर लिहिलं, ‘मुका माणूस फाटकाशी काय करणार?’ आणि लगेच पुसलं.

तो त्या फाटकाशी परत उभा राहिला नाही तर कुठेच उभा राहणार नाही, असं मला वाटतं. आणि मला त्यात काही करता येत नाही.

गुरुवार, २२ जुलै

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ब्लॉगला वेगळा आवाज हवा म्हणून मी मेलबर्नभर लिहिणारे शोधत होते, आणि ज्याला घरात बसून काम नाही असा राजकारणाने नखशिखांत भरलेला माणूस समोर बसून टोस्ट खातोय.

चाचणीची साइट फक्त आम्हा आतल्या लोकांना दिसते. बाबाला लॅपटॉप दिला, खेळातल्या गावाची माहिती दिली. त्याने टोपणनाव घेतलं ‘टँकर नंबर नऊ’. एका बोटाने टाइप करत दोन तासांत पुलावर नोंद लिहिली. सहा निवडणुकांत सहा वेळा आश्वासन मिळालेला पूल. वाचून मी एकटीच हसले. डिमीने फोन करून विचारलं, हा कोण आहे, याला सोडू नकोस.

मतं हलली का? नाही. पण सुरुवात आहे.

शनिवार, २४ जुलै

भांडायला समोर कोणीतरी हवं. आज हॅसेटबाईंना विचारलं. तिसरीत मला त्या शिकवायला होत्या. फाटकाच्या उजव्या बाजूला शेतकऱ्यांच्या पक्षाची पत्रकं वाटतात, गेली छत्तीस वर्षं. म्हणजे बाबाशी छत्तीसचा आकडा, तोही मोजून मापून. लहानपणी आम्ही मुलं सॉसेज-पाव खात दोघांचं भांडण ऐकायला फाटकाशी बसायचो. आई म्हणायची, तुझ्या बाबाची वर्षाची करमणूक. बाईंचे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली, आई जाऊन नऊ.

मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, “समोर कोण लिहितंय?”

मी सांगितलं.

“मग कधीपासून?”

त्यांनी नाव घेतलंय ‘लाल शाई’. बाबाला सांगितलं. तो उठून न्हाणीघरात गेला आणि दाढी करून आला. रागावला की तो असाच उठून जातो.

मंगळवार, २७ जुलै

आजच्या चाचणीतून.

टँकर नंबर नऊ: पूल कुठे आहे? सहा निवडणुका झाल्या.

लाल शाई: पूल दोनदा झाला. दोन्ही वेळा कठडा एका टँकरने तोडला. ड्रायव्हर विरोधी पक्षाचा होता.

टँकर नंबर नऊ: धुकं होतं.

लाल शाई: एकदा धुकं होतं. दुसऱ्यांदा तुम्ही गात होता.

यात खेळातल्या गावाचं काहीच नाही, हे आमच्या मेरिनूकच्या पुलाचं भांडण आहे. दोघांना समज दिली. परिणाम: शून्य मतं.

बुधवार, ४ ऑगस्ट

दिवसाला चौदा-पंधरा नोंदी होतात आणि सगळ्या एकमेकांनाच. बाकीच्या चाचणी करणाऱ्यांना कोणी विचारत नाही. मी रोज तक्ता भरते: विषय, वाचक, हललेली मतं. कालचा विषय ‘छत्री’. कुठल्याशा निवडणुकीत पाऊस आला आणि बाबाने बाईंना आपल्या पक्षाची छत्री देऊ केली. त्यांच्याकडची मंडळी बघत होती म्हणून त्यांनी ती उघडलीच नाही. बंद छत्री हातात घेऊन सबंध दुपार भिजल्या.

लाल शाई: ती अजून माझ्याकडे आहे. पक्षाचं नाव धुऊन गेलंय, तरी वापरत नाही.

टँकर नंबर नऊ: नाव धुतलं गेलं तर वापर की.

लाल शाई: आता तर मुळीच नाही.

आमच्या खेळात छत्री हा प्रश्न नाही. आरोग्य, रस्ते, दुधाचा भाव, पाणी, शाळा, एवढेच प्रश्न आहेत. शून्य मतं. मी डिमीला म्हटलं, हे दोघं माझ्या आराखड्याचं वाटोळं करणार. डिमी म्हणाली, “मी रोज सकाळी आधी त्यांचंच वाचते, मग मेल.” ती ग्रीक आहे, तिला घरगुती भांडणांची आवड आहे.

मला काळजी बाबाची वाटते. पहाटे उठून लॅपटॉप उघडतो. परवा सलूनमध्ये जाऊन केस कापून आला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गावात गेला हे चांगलं, पण एवढी धुसफूस या वयात बरी नव्हे. रक्तदाब मोजला तर वाढलेला.

रविवार, ८ ऑगस्ट

बाबाने विचारलं, तू मेलबर्नला परत कधी जाणार? पाटीवर लिहून, चांगलं अधोरेखित करून. सहा महिने सगळं सोडून इथे बसलेय आणि हे बक्षीस. मी म्हटलं, निवडणूक झाली की. त्याने मान हलवली आणि माझ्या हातावर थोपटलं.

मला लागलंच. लिहून ठेवते, कारण बोलणार नाही.

बुधवार, ११ ऑगस्ट

आज मी रागाच्या भरात काहीतरी केलं. बरोबरच केलं असं वाटतंय.

सकाळी हॅसेटबाईंची नोंद होती. ‘ऐकलं की या वेळी डाव्या बाजूला कोणी उभं राहणार नाही. मग मीही घरीच बसेन. समोर कोणी नसेल तर ओरडायचं कोणावर?’

मुक्या माणसाला उद्देशून हे! भर चाचणीत, सगळ्यांच्या देखत. बाबा पडद्यासमोर बसून होता. वाचून झालं तरी बसून होता, आणि डोळे पुसत होता. मी त्याच्या हातून लॅपटॉप घेतला आणि डिमीला फोन करून सांगितलं, चाचणीची साइट बंद कर. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, चालत नाहीये, मतं हलत नाहीत, २३ला प्रकाशकांना सांगू की कापतोय. तीन वर्षांत मी असा सूर लावला नव्हता, म्हणून तिने वाद घातला नाही.

बाबाने पाटी मागितली. मी म्हटलं, बाबा, आता तुला कोणी टोचणार नाही. त्याने पाटी खाली ठेवली.

शुक्रवार, १३ ऑगस्ट

दोन दिवस तो नीट जेवलेला नाही. बाईंचे शब्द फारच जिव्हारी लागलेत. लँब चॉप्स केले, त्याचे आवडते. तसेच राहिले.

रविवार, १५ ऑगस्ट

हॅसेटबाई दारात. हातात लेमन स्लाइसचा, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचा डबा. मी दार अर्धंच उघडलं. तिसरीतल्या बाईंशी असं वागू नये, तरी वागले.

“साइट बंद का केलीस, केरिन?”

मी म्हटलं, बाई, माझ्या बाबाला बोलता येत नाही आणि तुम्ही त्यावरून त्याला हिणवता. फाटकाशी तो उभा राहणार नाही हे त्याला स्वतःला किती खुपतंय, तुम्हाला ठाऊक नाही. बोलून टाकलं सगळं.

त्यांनी डबा माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, “त्याला बोलता येत नाही, मान्य. मग आता तो बोलणार कुठे?”

आपण बंद केलं ते काय होतं, हे त्या एका वाक्याने कळलं. सहा महिन्यांत बाबा कोणाशी दिवसाला पंधरा वाक्यं बोलला असेल तर त्या साइटवर. मग ते भांडण का असेना. माझी मलाच लाज वाटली. दार पूर्ण उघडलं.

दोघं मागच्या व्हरांड्यात बसले. मी चहा देऊन आत आले. बाई हळू बोलत होत्या, मधूनच पाटीवर मार्कर घासल्याचा आवाज. दीड तास. प्रचाराचं काही ठरवत असतील. जाताना बाई मला म्हणाल्या, “शनिवारी सकाळी साडेसातला त्याला फाटकाशी आणून सोड. बाकीचं माझ्यावर सोड.”

बाबा डबा संपवून झोपला.

मंगळवार, १७ ऑगस्ट

डिमीला विचारलं, साइट परत सुरू करता येईल का. ती म्हणाली, येईल, पण तूच कापायचं म्हणालीस म्हणून मी त्याखालचा भाग उसवून ठेवलाय, दोन-तीन दिवस लागतील. आणि सुरू करून तरी काय दाखवणार? साडेतीनशे नोंदी आणि एकही मत इकडचं तिकडे नाही. ते मात्र खरं. तरी ती सवडीने जोडायला घेते म्हणाली.

शुक्रवार, २० ऑगस्ट

बाबाने शर्टाला स्वतः इस्त्री केली. पक्षाचा बिल्ला लावला, काढला, पुन्हा लावला. पाटीवर लिहिलं, ‘लोक काही विचारतील तर?’ मी म्हटलं, लोक विचारत नसतात, पत्रक घेऊन पळतात. त्याला हसू आलं नाही. तो घाबरलाय. मी त्याला असं कधी पाहिलेलं नाही.

शनिवार, २१ ऑगस्ट

हात गारठलेत, पण आजच लिहायला हवं.

साडेसातला पोहोचलो. इथला ऑगस्ट म्हणजे हिवाळा, थंडी मी म्हणत होती. शाळेच्या पालकांनी सॉसेजचा तवा नुकता पेटवला होता, कांदा परतायला घेतला होता. बाबा डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला, पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून. उजवीकडे हॅसेटबाई. आठला फाटक उघडलं. पहिलं कुटुंब आलं, बाबाने पत्रक पुढे केलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. ते लोक पुढे निघून गेले. त्याची मान खाली गेली. मला वाटलं, गाडी सुरू करावी आणि त्याला घरी न्यावं.

तेवढ्यात बाईंनी आवाज लावला. तिसरीच्या वर्गात शेवटच्या बाकावर ऐकू यायचा तो आवाज.

“या, या! उजवीकडे शेतकऱ्यांचं पत्रक, डावीकडे मर्वचं. त्याचा घसा गेलाय म्हणून त्याच्या वाटचं मीच ओरडतेय. दोन्ही घ्या आणि आत जाऊन स्वतःचं डोकं वापरा!”

लोक थबकले आणि हसले. मग बाबाकडे वळले. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी विचारलं कसा आहेस. दूध संकलनावरचे जुने लोक तर रांग सोडून त्याच्याभोवती जमले. बाबा पत्रकं देत होता आणि मान ताठ होत चालली होती. मी तव्यामागे जाऊन रडले. कांद्याचं निमित्त होतंच.

दिवसभर बाई दोन्ही बाजूंसाठी ओरडत होत्या. आपल्या पक्षासाठी एकदा, की बाबासाठी एकदा. बारा वाजता त्यांच्या पक्षाचे जिल्ह्याचे गृहस्थ आले आणि त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, नोलीन, हे काय चाललंय, विरोधकांचा प्रचार?

“छत्तीस वर्षं याच्या विरुद्ध ओरडलेय,” बाई म्हणाल्या. “एक दिवस याच्या बाजूने ओरडले तर पक्ष बुडत नाही. आणि बुडत असला तर बुडू दे, कॉलिन, मला थंडी वाजतेय, सरक.”

ते सरकले.

पाचच्या सुमाराला बाईंचा आवाज बसला. नुसती हवा येत होती. शेवटच्या तासात दोघंही गप्प, दोन बाजूंना. मग बाबा पलीकडे गेला, त्यांच्या हातून त्यांची निम्मी पत्रकं घेतली, आपली निम्मी त्यांना दिली, आणि परत येऊन ती वाटायला लागला. शेतकऱ्यांच्या पक्षाची! दमला होता बिचारा, गठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी. मी सांगायला जाणार होते, पण सहा वाजतच आले होते.

घरी सोडायला बाईंची गाडी आली. मी माझ्या गाडीतून मागून आले तर दोघं गाडीतच बसून होते. दोघांनाही आवाज नाही, तर बोलत काय होते कोण जाणे.

रविवार, २२ ऑगस्ट

देशात कोणालाच बहुमत नाही. आमच्या फाटकाशी बाबाच्या पक्षाला गेल्या वेळेपेक्षा कमीच मतं. मी म्हटलं, दहा तास थंडीत उभं राहून हे! त्याला त्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही. व्हरांड्यात उन्हाला बसला होता. पाटी मांडीवर घेऊन बराच वेळ विचार करून त्याने लिहिलं:

‘काल पत्रकाप्रमाणे मत दिलं नाही.’

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. ज्या माणसाने बेचाळीस वर्षं लोकांना पत्रकं वाटली, त्याने स्वतःचंच मोडलं? आमच्या पत्रकावर शेतकऱ्यांच्या पक्षाला नेहमी शेवटचा नंबर असतो. बायबलातल्या दहा आज्ञांनंतर ही आमच्या घरातली अकरावी.

‘एक नंबर पक्षालाच. मेलो तरी तो हलणार नाही.’ पुसलं. ‘दोन नंबर नोलीनच्या लोकांना.’

मी उडालेच. पण कशाने? लाज वाटते लिहायला. मी त्याला तिथेच सोडून आत धावले आणि डिमीला फोन लावला. म्हटलं, आपण एक नंबर मोजत बसलोय! ब्लॉग वाचून कोणी आपला एक नंबर बदलत नाही. बदलतो तो दोन नंबर. ज्याला आजवर शेवटी टाकलं त्याला माणूस वर आणतो. काठावरच्या मतदारसंघात हारजीत तिथेच ठरते. पलीकडून डिमीच्या कळफलकाचा आवाज यायला लागला. म्हणाली, उद्यापर्यंत कच्चं का होईना दाखवता येईल. आणि विचारलं, “हे तुला कोणत्या मतदाराने सांगितलं?”

“बाबाने. त्याने काल दोन नंबर...” आणि तिथे माझं वाक्य अडलं.

“हं,” डिमी म्हणाली. “झालं का लक्षात?”

फोन ठेवून मी खुर्चीत बसून राहिले. दाढी, केस, पहाटेचा लॅपटॉप, मी कधी जाणार याची चौकशी. आईची आठवण आली. वाटलं, वाईट वाटायला हवं. शोधून पाहिलं, सापडलं नाही. फाटकाशी भांडण रंगलं की आईच सगळ्यांत जास्त हसायची.

व्हरांड्यात आले तर बाबाने पाटीवर नवं लिहून ठेवलं होतं. ‘ती साइट सुरू कर. तिला सांगायचंय.’

मी म्हटलं, “बाबा, बाई दोन रस्ते सोडून राहतात. पाटी घे आणि जा. आत्ता जा.”

त्याने मान हलवून नाही म्हटलं. मार्कर उघडला, बंद केला, उघडला.

‘तोंडावर नाही जमत. आवाज होता तेव्हाही जमलं नाही.’

मी डिमीला परत फोन केला. बाकीचं सगळं राहू दे, आधी ती साइट लाव, म्हटलं. तिने कारण विचारलं नाही. चार वाजता साइट सुरू झाली. मी लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला आणि आत आले. एका बोटाची टकटक बराच वेळ चालू होती, मग थांबली. नवी नोंद आली की माझ्या पडद्यावर आकडा पडतो, तसा पडला. थोड्या वेळाने दुसरा पडला, पलीकडून.

मी दोन्ही वाचल्या नाहीत.